न फाटलेल्या बाहीवरचं ठिगळ

गणपतीत न्यू जर्सीतल्या एका मित्राकडे आरतीनंतर प्रसादाच्या वाट्या घेऊन बसलो होतो. टीव्हीवर आवाज बंद करून न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाची मॅच लावलेली होती. कुणीतरी खेळाडूच्या बाहीवरच्या जाहिरातीकडे बोट दाखवलं आणि वाद पेटला. एक गट म्हणाला की बेसबॉलची शंभर वर्षांची शान या लोकांनी घालवली, जुने गणवेश किती देखणे होते. दुसरा गट म्हणाला, कपड्यात काय ठेवलंय, खेळ बघा. आणि एकाने शेवटचा घाव घातला, "अरे, आपल्या आयपीएलच्या जर्सीवर नखभर जागा मोकळी नसते, आणि हे लोक एवढ्याशा ठिगळावरून गळे काढतात!" सगळे हसले. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. पण हाच वाद अमेरिकेत गेली चार-पाच वर्षं वर्तमानपत्रांत, टीव्हीवर आणि स्टेडियमच्या रांगांमध्ये चालू आहे, आणि तिथेही तो असाच, जुनं विरुद्ध नवं या चुकीच्या मुद्द्यावर लढला जातोय. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझं म्हणणं असं. संघाचा गणवेश हा प्रेक्षकाशी बोलण्यासाठी असतो. लांब बसलेल्या माणसाला तो सांगतो, हा आपला, हा त्यांचा, आणि हा अमुक. तेव्हा गणवेशात एखादा बदल झाला की तो जुना की नवा, साधा की भडक, हे विचारण्याआधी एकच गोष्ट विचारायला हवी. हा बदल कुणासाठी केला? प्रेक्षकाला खेळ जास्त कळावा, संघ जास्त आपला वाटावा म्हणून केलेला बदल कितीही भडक असला तरी मला चालतो. प्रेक्षकाची नजर तिसऱ्याच कुणाला भाड्याने देण्यासाठी केलेला बदल मात्र तळहाताएवढा असला तरी चालत नाही. बॉलपार्कलाही, म्हणजे बेसबॉलच्या मैदानालाही, हाच प्रश्न लागू आहे.

मी मेट्सचा चाहता आहे, आणि मेट्सचे रंग कुठून आले हे कळल्यावरच मला या खेळात गणवेश म्हणजे काय असतं ते उमजलं. १९५७ चा हंगाम संपला आणि न्यूयॉर्कचे दोन संघ एकदमच शहर सोडून कॅलिफोर्नियाला गेले. ब्रुकलिनचे डॉजर्स लॉस एंजेलिसला, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला. राहिले फक्त यांकीज, आणि ज्यांनी हयातभर यांकीजचा राग केला त्यांनी आता कुणाचं नाव घ्यायचं? १९६२ मध्ये मेट्स हा नवा संघ उभा राहिला, तेव्हा त्याने डॉजर्सचा निळा घेतला आणि जायंट्सचा नारिंगी. टोपीवरची एकमेकांत गुंफलेली 'एनवाय' ही अक्षरंही जायंट्सचीच. ज्यांचे संघ हिरावले गेले होते त्या दोन्ही वस्त्यांना एका शर्टाने सांगितलं की तुमची आठवण आम्ही टाकलेली नाही. वारलेल्या आजीच्या लुगड्याची गोधडी शिवून ती नातवाच्या अंगावर घालावी, तसं हे आहे. त्या कापडाला कपडा म्हणून काय किंमत आहे, असं कुणी विचारत नाही.

आता २०२३ मध्ये काय झालं ते पाहा. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या कामगार करारानुसार बाहीवर जाहिरातीची पट्टी लावायची मुभा संघांना मिळाली होती, आणि २०२३ च्या हंगामापासून त्या दिसू लागल्या. मेट्सच्या बाहीवर एका मोठ्या रुग्णालयाची पट्टी आली, आणि ती होती लाल-पांढऱ्या रंगात. लाल-पांढरा हा फिलाडेल्फियाच्या फिलीजचा रंग, म्हणजे त्याच विभागातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा. लोक भडकले. मालक स्टीव्ह कोहेन यांनीही मान्य केलं की हे रंग फिलीजचे दिसतायत, आणि काही काळाने ती पट्टी निळ्या-नारिंगी रंगात बदलून घेतली. झालं, मिटलं, असं बऱ्याच जणांनी म्हटलं. माझ्या मते तिथेच खरं काय ते उघडं पडलं. इतक्या लोकांच्या हातांखालून ती पट्टी गेली असेल, ती मेट्सच्या शर्टावर कशी दिसेल हे एकालाही का खटकलं नाही? कारण ती शर्टाचा भाग म्हणून कुणी पाहिलीच नव्हती. ती भाड्याने दिलेली जागा होती, आणि भाडेकरूने आपल्या घरचा रंग आणला होता.

ही पट्टी कुठल्या बाहीवर असते, तेही लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. बेसबॉलच्या प्रक्षेपणात मुख्य कॅमेरा पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पाठीमागे, दूर मैदानाच्या टोकाला, सेंटर फील्डच्या बाजूला असतो. उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याचा डावा खांदा त्या कॅमेऱ्याकडे येतो, डावखुऱ्याचा उजवा. म्हणून बऱ्याच संघांत उजव्या बॅटरच्या डाव्या बाहीवर पट्टी शिवतात आणि डावखुऱ्याच्या उजव्या. एकाच संघाचे दोन खेळाडू शेजारी उभे राहिले तर त्यांचे गणवेश सारखे नसतात. गणवेश या शब्दातच गणाचा, म्हणजे सगळ्यांचा, एक वेश आहे. तो मोडला, आणि कशासाठी मोडला? कॅमेऱ्याच्या कोनासाठी.

आता हे जुन्या बदलांच्या शेजारी ठेवून पाहा. पाठीवर नंबर असणं आज आपण गृहीत धरतो, पण १९२९ पर्यंत बेसबॉलमध्ये ते रुळलेलं नव्हतं. त्या वर्षी यांकीज आणि क्लीव्हलंड या दोन संघांनी ते कायमचे सुरू केले. यांकीजचे नंबर तर बॅटिंगच्या क्रमाने दिलेले होते. बेब रूथ तिसरा यायचा म्हणून ३, लू गेरिग चौथा म्हणून ४. स्वस्त तिकीट काढून लांबच्या बाकावर बसलेल्याला त्या एका आकड्यावरून कळायचं की आता कोण येतोय. १९५२ मध्ये डॉजर्सच्या शर्टावर समोरच्या बाजूला एक लहान लाल नंबर आला, कारण टीव्ही नवा होता आणि घरी बसून पाहणाऱ्याला खेळाडूची पाठ नेहमी दिसायची नाही. १९६० मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचे मालक बिल व्हेक यांनी पाठीवर खेळाडूचं आडनाव लावलं. हे तिन्ही बदल त्या त्या काळी नवे होते आणि तिन्हींची दिशा एकच होती. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर कमी व्हावं.

२०२४ मध्ये नेमकं उलट झालं. वसंतातल्या सरावाच्या वेळी नव्या धर्तीचे गणवेश आले. बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की कापड हलकं आहे, जास्त ताणतं, घाम लवकर वाळतो. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ऑगस्टच्या उन्हात नऊ इनिंग उभं राहणाऱ्याला हलकं कापड हवंच. १९७० च्या सुमारापर्यंत हे लोक लोकरी फ्लॅनेलचे गणवेश घालून खेळत, आणि ते परत आणा असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. पण त्या नव्या शर्टावर पाठीवरच्या आडनावाची अक्षरं लहान झाली. पँटच्या कापडातून आत खोचलेल्या शर्टाचं टोक दिसू लागलं. बाहेरगावच्या सामन्यांसाठीच्या राखाडी गणवेशात वरचा राखाडी आणि खालचा राखाडी जुळेना, आणि घामाचे डाग दुरून दिसू लागले. खेळाडू चिडले, त्यांची संघटना बोलली, आणि हंगाम सुरू होऊन सुमारे महिनाभरात मोठी अक्षरं परत आणण्याचं ठरलं. १९६० मध्ये जे नाव प्रेक्षकाला वाचता यावं म्हणून पाठीवर आलं, ते २०२४ मध्ये त्याला वाचता येणार नाही इतकं लहान कसं होऊ शकतं? हा शर्ट ठरवायला टेबलावर बसलेल्यांपैकी कुणीतरी वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागेवरून तो शर्ट एकदा तरी पाहिला होता का?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो. ते म्हणतात की परंपरा परंपरा म्हणून तुम्ही ज्याला कवटाळता, तेही कधीतरी नवं होतं आणि तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. शंभर टक्के खरं. १९७५ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने पिवळ्या-केशरी-लाल पट्ट्यांचा शर्ट काढला तेव्हा त्याची यथेच्छ टिंगल झाली, आणि आज तोच शर्ट लोक हौसेने शोधून विकत घेतात. १९३५ मध्ये सिनसिनाटीत मेजर लीग या अव्वल साखळीतली पहिली रात्रीची मॅच झाली, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबून दिवे लावले, तेव्हाही खरा बेसबॉल दिवसाउजेडी खेळतात असं म्हणणारे होतेच. शिकागोच्या रिग्ली फील्डवर तर १९८८ पर्यंत दिवे लागले नव्हते. पण दिवे कुणाला उपयोगी पडले? ऐन मंदीच्या काळात दिवसभर राबणाऱ्या माणसाला. पिच क्लॉकचंही तेच. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला ठरावीक सेकंद मिळू लागले, तेव्हा मी स्वतः विरोधात होतो. घड्याळ नसलेला खेळ ही बेसबॉलची ओळख आहे, तिच्यावर हात टाकू नये, असं मी तावातावाने सांगायचो. मी चुकलो होतो. सरासरी मॅच तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली, आणि शाळेच्या आदल्या रात्री मुलीला शेवटची इनिंग दाखवता येऊ लागली. हा बदल माझ्यासाठी होता, मला कळायला उशीर झाला इतकंच.

शहराच्या नावाने निघालेल्या खास गणवेशांबद्दल, म्हणजे २०२१ पासूनच्या 'सिटी कनेक्ट' मालिकेबद्दलही मी याच मापाने बोलेन. बॉस्टनच्या रेड सॉक्सला लाल नसलेला, पिवळा आणि आकाशी गणवेश दिला तेव्हा जुने लोक हबकले. पण तो पिवळा-निळा बॉस्टन मॅरेथॉनचा आहे. एप्रिलमध्ये पेट्रियट्स डेला मॅरेथॉन धावते त्याच दिवशी फेनवे पार्कवर सकाळी मॅच असते, लोक मॅच पाहून धावपटूंना टाळ्या द्यायला बाहेर पडतात. बाहीवर धावपटूच्या छातीवर असतो तसा नंबर आहे आणि त्यात ६१७, म्हणजे बॉस्टनचा फोन कोड. ज्याने कुणी हे केलं त्याला ते शहर ठाऊक होतं. रंग अजिबात पारंपरिक नाहीत, तरी मला तो शर्ट आवडतो, आणि मी रेड सॉक्सचा नाही. याच मालिकेत एखाद्या शहराचं टोपणनाव छातीवर छापून मोकळे झालेले शर्टही आहेत. त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा असा की जाहिरात बेसबॉलला नवी नाही. हेही खरंच आहे, आणि जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. फेनवे पार्कची ती प्रसिद्ध ३७ फुटी हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर, १९४७ पर्यंत हिरवी नव्हतीच, जाहिरातींनी भरलेली होती. रिग्ली हे नाव च्युइंगगमच्या कारखानदाराचं. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर स्कोअरबोर्डच्या पायाशी एब स्टार्क नावाच्या कपडे विक्रेत्याची लांबट पाटी होती. तिच्यावर लिहिलेलं असायचं की या पाटीवर चेंडू मारा आणि सूट जिंका. मग फरक कुठे आहे?

फरक आपल्याला मंडपात दिसतो. सार्वजनिक गणपतीच्या कमानीवर सराफाची, बिल्डरची, मिठाईवाल्याची जाहिरात असते, आणि वर्गणी कमी पडते म्हणून ती आपण चालवून घेतो. पण मूर्तीच्या अंगावरच्या शेल्यावर कुणी बोधचिन्ह छापलं तर? एकही कार्यकर्ता ते होऊ देणार नाही. कमान ही जागेची, शेला हा देवाचा. स्टेडियमची भिंत ही कमान आहे आणि शर्ट हा शेला. त्यातही एब स्टार्कची पाटी तर खेळात सामील झालेली होती. उजव्या बाजूला उभा असलेला डॉजर्सचा कार्ल फुरिलो इतका सुरेख झेल घ्यायचा की पाटीला चेंडू लागणंच मुश्कील, आणि त्या सुटाची गंमत सगळ्या स्टँडला ठाऊक. दुकानही तिथलंच, ब्रुकलिनच्या पिटकिन ॲव्हेन्यूवरचं. हाच दुकानदार पुढे ब्रुकलिन बरोचा, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या त्या प्रशासकीय विभागाचा, अध्यक्ष झाला. त्या पाटीने प्रेक्षकाला काहीतरी दिलं होतं. बाहीवरच्या विमा कंपनीच्या पट्टीने मला काय दिलं? ज्या यांकीजनी आपल्या नेहमीच्या गणवेशावर खेळाडूचं आडनाव कधीही लावलं नाही, कारण शर्ट संघाचा, माणसाचा नाही असं ते मानत आले, त्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टावर २०२३ पासून एका विमा कंपनीचं नाव आहे. रूथचं नाव जिथे कधी आलं नाही तिथे.

तिसरा मुद्दा पैशांचा. खेळाडूंचे पगार आभाळाला भिडलेत, २०२४ च्या डिसेंबरमध्ये मेट्सनेच हुआन सोटोशी १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलरचा करार केला, तो पैसा कुठून येणार? पट्टी लावली नाही तर तिकीट वाढेल, असं सांगितलं जातं, आणि भली भली माणसं यावर मान डोलावतात. पण तिकिटाचा भाव खर्चावरून ठरतच नाही. तो ठरतो लोक किती द्यायला तयार आहेत यावरून. २००९ मध्ये नवं यांकी स्टेडियम उघडलं तेव्हा पुढच्या रांगांतल्या काही जागांना एका मॅचचे २,५०० डॉलर लावले होते. जागा रिकाम्या राहिल्या, टीव्हीवर बॅटरच्या मागे ओसाड निळ्या खुर्च्या दिसू लागल्या, आणि महिन्याभरात ते २,५०० चे १,२५० झाले. यांकीजचा खर्च महिन्याभरात निम्मा झाला होता का? जो मालक भाव रिकाम्या खुर्च्या पाहून उतरवतो, तो पट्टीचे पैसे आले म्हणून उतरवेल, असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. मालकाने कमावू नये असं मी म्हणत नाही. फक्त माझ्या भल्यासाठी कमावतोय असं मला सांगू नये.

इथे हमखास एक वाक्य येतं. संघ खासगी मालकीचा आहे, शर्ट त्यांचा, हवं ते करतील. मग स्टेडियम बांधताना ते लोकांच्या दारात का येतात? अटलांटाच्या ब्रेव्ह्जनी टर्नर फील्ड अवघ्या वीस हंगामांनंतर सोडलं आणि २०१७ मध्ये शेजारच्या कॉब काउंटीत नव्या मैदानावर गेले, त्यात त्या काउंटीने सुमारे ३० कोटी डॉलर घातले. न्यूयॉर्कच्या दोन्ही नव्या मैदानांना करमुक्त रोख्यांचा आधार मिळाला. पैसे मागताना संघ शहराचा असतो, शहराची अस्मिता, शहराचा अभिमान, आणि शर्टावर जागा विकताना तो एकदम खासगी होतो. दोन्ही एकाच वेळी कसं चालेल?

आता माझ्या मित्राचा आयपीएलचा टोमणा. क्रिकेटमध्ये हे केव्हाच झालंय म्हणून बेसबॉलमध्येही होऊ द्या, या म्हणण्यात झालेलं योग्य होतं हे गृहीत धरलेलं आहे. ऑस्ट्रेलियन माध्यमसम्राट केरी पॅकरच्या काळात रंगीत कपड्यांना 'पायजमा क्रिकेट' म्हणून हिणवलं गेलं, तो विरोध फोल ठरला आणि ठरायलाच हवा होता, कारण दिव्यांच्या उजेडात पांढऱ्या चेंडूसमोर रंगीत कपड्यांनी बघणं सोपं झालं. पण जाहिरातींचं काय? आयसीसीच्या स्पर्धांमध्ये प्रायोजकाचं नाव छातीवर चालत नाही, तिथे देशाचं नाव लागतं आणि प्रायोजक बाहीवर जातो. म्हणजे पैशासाठी बदनाम असलेल्या क्रिकेटच्या कारभाऱ्यांनाही कुठेतरी रेघ ओढाविशी वाटली. आणि २०२५ च्या आशिया कपमध्ये, आधीचा प्रायोजक पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच्या नव्या कायद्यामुळे बाजूला झाल्यावर, आपला संघ छातीवर स्वतःच्या प्रायोजकाचं नाव न लावता 'इंडिया' घेऊन उतरला. तो शर्ट अपुरा वाटला का कुणाला? मला तर पहिल्यांदा तो पूर्ण वाटला.

मैदानाबद्दल लिहिताना मला आधी शेया स्टेडियमची आठवण काढावी लागेल. १९६४ ते २००८ मेट्स तिथे खेळले. स्टेडियम म्हणून ते काही सुंदर नव्हतं. गोल, काँक्रीटचं, डोक्यावरून लाग्वार्डियाची विमानं कानठळ्या बसवत जायची. त्याच्या जागी आलेलं सिटी फील्ड खुर्च्यांच्या दृष्टीने, खाण्याच्या, स्वच्छतागृहांच्या, व्हीलचेअरवाल्यांच्या सोयीच्या दृष्टीने कितीतरी सरस आहे, हे मान्य न करणं म्हणजे खोटेपणा. बाल्टिमोरच्या कॅमडेन यार्ड्सने १९९२ मध्ये दाखवून दिलं की नवं मैदानही शहराच्या अंगाचं होऊ शकतं. त्यांनी जुनी लांबच लांब विटांची रेल्वेची वखार पाडली नाही, तिलाच उजव्या बाजूची पार्श्वभूमी केलं. तेव्हा नव्या बांधकामाशी माझं वैर नाही. पण शेया हे नाव कुणाचं होतं? विल्यम शेया या वकिलाचं, ज्याने दोन संघ गेल्यावर न्यूयॉर्कला नॅशनल लीगचा, म्हणजे ते दोन्ही संघ ज्या साखळीत खेळत तिचा, संघ परत मिळावा म्हणून जिवाचं रान केलं. सिटी हे नाव सिटीग्रुप या बँकेचं, वीस वर्षांसाठी ४० कोटी डॉलरला घेतलेलं. २००८ मध्ये त्याच बँकेला सरकारने करदात्यांच्या ४,५०० कोटी डॉलरचा टेकू दिला, आणि न्यूयॉर्कच्या दोन नगरसेवकांनी सुचवलं की नावात करदात्याचंही नाव घाला. मुंबईकरांना हे लगेच समजेल. ब्रेबोर्नवर तिकिटांच्या वाटपावरून भांडण झालं म्हणून मुंबईच्या संघटनेने स्वतःचं मैदान उभं केलं, त्यामागे उभ्या राहिलेल्या शेषराव वानखेड्यांचं नाव त्याला दिलं, आणि आज नातवंडांनाही आपण ती गोष्ट नावावरूनच सांगतो. भाड्याच्या नावातून कुणी कसली गोष्ट सांगणार?

शिवाय शेयात सुमारे ५७,००० माणसं मावायची, सिटी फील्डमध्ये सुमारे ४२,०००. नवी मैदानं मुद्दामच लहान बांधली जातात, कारण दुर्मीळ खुर्ची महाग विकते आणि वरच्या मजल्यावरच्या स्वस्त रांगांपेक्षा काचेमागच्या खोल्यांत जास्त पैसा आहे. आणि मग आत बसलेल्याला क्षणभर शांतता मिळू द्यायची नाही, हा सगळीकडचा नेम झालाय. बेसबॉलचं सगळं सुख दोन चेंडूंच्या मधल्या वेळात आहे. पिचर आता काय टाकेल, पहिल्या बेसवरचा धावेल का, याचा अंदाज शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलत बांधायचा. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या शहरातल्या मैदानावर मी म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. त्यांना खेळ समजावून सांगत होतो आणि प्रत्येक चेंडूनंतर पडदा ओरडत होता, टाळ्या वाजवा, आवाज करा, हे विकत घ्या. पाचव्या इनिंगला ते म्हणाले, "अरे, तू काय सांगतोयस ते मला ऐकूच येत नाही." आम्ही सातव्यात उठलो. पैसे मोजून गेलेल्या माणसाला समोरचा खेळ ऐकू येऊ नये, ही सोय कुणाची?

या सगळ्याचं टोक पाहायचं असेल तर ॲथलेटिक्स नावाच्या बेसबॉल संघाकडे पाहा. त्याची शहरं आधी फिलाडेल्फिया, मग कॅन्सस सिटी आणि १९६८ पासून ओकलंड. मालकाने संघ लास व्हेगसला न्यायचं ठरवलं तेव्हा १३ जून २०२३ च्या रात्री एरवी ओस पडणाऱ्या त्या स्टेडियममध्ये २७,७५९ माणसं मुद्दाम आली, हिरवे टी-शर्ट घालून. त्यावर एकच शब्द होता, 'सेल', म्हणजे संघ विका, पण इथेच ठेवा. त्या रात्री ओकलंडचा गणवेश स्टँडमध्ये होता. चाहत्यांनी तो स्वतः छापून घेतला होता, आणि त्या शर्टावर नेमकं तेच लिहिलं होतं जे त्यांना म्हणायचं होतं. तरी २६ सप्टेंबर २०२४ ला तिथली शेवटची मॅच झाली. व्हेगसचं मैदान तयार होईपर्यंत हा संघ सॅक्रामेंटोच्या एका छोट्या मैदानावर खेळतो. नावात कुठल्याच शहराचं नाव नाही. २०२५ च्या शर्टावर एका बाहीवर सॅक्रामेंटोचं चिन्ह आणि दुसऱ्या बाहीवर लास व्हेगसची जाहिरात. राहतो तिथलं एका हातावर, जाणार तिथलं दुसऱ्या हातावर, आणि छप्पन्न वर्षं जिथे काढली त्याचं कुठेच नाही. कपड्यात काय ठेवलंय, असं विचारणाऱ्याने ते दोन हात एकदा बघावेत.

आरडाओरडा करून काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आडनावाची अक्षरं २०२५ मध्ये परत मोठी झाली. निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार मॅचमध्ये चार वर्षं सगळ्यांना एकसारखे कंपनीछाप शर्ट घालायला लावले होते. जो तो आपल्या संघाच्या शर्टात यायचा ती जुनी रीत लोक मागत राहिले, आणि २०२५ मध्ये अटलांटात ती परत आली. तेव्हा मागायचंच तर नेमकं मागू या. दरवर्षी १५ एप्रिलला सगळ्या संघांचे सगळे खेळाडू ४२ नंबर घालतात, जॅकी रॉबिन्सनसाठी. १९४७ च्या त्या दिवशी एबेट्स फील्डवर त्या आकड्याने सांगितलं होतं की हा काळा माणूस आता या खेळात आहे आणि राहणार आहे. किमान त्या एका दिवशी बाह्या कोऱ्या असू द्या. तिथून सुरुवात करू.

माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे. तिला स्कोअरकार्ड भरायला शिकवलंय, त्यात प्रत्येक जागेला आकडा असतो, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपला ६, पहिल्या बेसवाल्याला ३. आमची तिकिटं नेहमी वरची, ५०० च्या सेक्शनमधली, तिथून खेळाडू बोटाएवढे दिसतात. परवाच्या मॅचला ती पेन्सिल दातात धरून खाली पाहत होती. शॉर्टस्टॉपच्या डावीकडे चेंडू सरपटत गेला, त्याने तो वाकून उचलला आणि वळून पहिल्या बेसवर फेकला. बाहीवरची पट्टी तिथून दिसत नाही. मी आजवर कधीच पाहिलेली नाही, टीव्हीवर सोडून. पाठीवरचा १२ मात्र लख्ख दिसला. "लिंडॉर," ती म्हणाली, आणि रकान्यात ६-३ लिहिलं.